प्रश्न तिला विचारा, मला नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात मध्यंतरी पक्षाघाताच्या झटक्यावर एका डॉक्टरांचा लेख आला होता. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, की घरगुती उपाय करत बसू नका, गाडी काढा आणि दवाखाना गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, असं त्यात होतं. लेख उत्तम. आमच्या गल्लीत मी तो घरोघरी वाचायला दिला. पण अशा लेखांची एक खोड असते. पेशंट दवाखान्यातून घरी आला की लेख संपतो. आमची खरी परीक्षा तिथून पुढं सुरू होते आणि त्यावर कुणी ओळ लिहीत नाही, म्हणून हे पत्र. लांबलंय, जमेल तेवढं छापा.

मी एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेला माणूस. सांगली-जत ही गाडी बरीच वर्षं केली. आमच्या मंडळींच्या अंगावरून वारं गेलं त्याला आता पुष्कळ दिवस झाले. उजवा हात आणि पाय गेला होता, त्यातला पाय व्यायामानं बराच सुधारला, काठी घेऊन ती अंगणात फिरते. हात तसाच आहे. पण हाताचं एवढं काही नाही. बोलणं गेलं, ते सोसत नाही. डॉक्टर याला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि उजवं अंगही डावी बाजूच चालवते, म्हणून उजवा हात आणि बोलणं ही जोडी पुष्कळदा एकदमच जाते. झटका आलेल्या साधारण तिघांतल्या एकाला हा त्रास होतो. म्हणजे सांगली-मिरजेत अशी माणसं काही कमी नसणार. ती दिसत नाहीत, कारण घरातली माणसं त्यांना बाहेर नेत नाहीत.

लोकांचा पहिला समज असा, की जीभ जड झाली. सुरुवातीला आमच्याकडं वेखंडाच्या इतक्या कांड्या जमल्या, की गावभागातल्या सगळ्या बाळंतिणींना पुरल्या असत्या. उगाळा, मधातून चाटवा, वाचा फुटेल! अहो, जिभेला काहीही झालेलं नाही. भाकरी नीट चावून खाते, चटणी तिखट झाली तर स्स् करते. काय पाहिजे ते तिला पक्कं माहीत असतं, वस्तू डोळ्यांपुढं असते, नाव तेवढं सापडत नाही. किंवा सापडतं ते शेजारचं. चहा म्हणायचा असतो, निघतं पाणी. गाडी बरोबर जतचीच असते, पुढं पाटी तासगावची लागलेली असते. एकदा सुनेला हाक मारायला गेली आणि तोंडातून ‘आत्याबाई’ निघालं. घरात सगळ्यांत जास्त हसली ती हीच. आपलं चुकलं हे तिला लगेच कळतं, आणि हसू येत नाही तेव्हा त्याचाच राग येतो.

दुसरा समज, बोलता येत नसेल तर लिहून दाखवेल. एक सद्गृहस्थ पाटी-पेन्सिलच घेऊन आले होते. पण बोलायचा शब्द जिथं अडतो तिथंच लिहायचाही अडतो. अ ते ज्ञ चा तक्ता पुढं ठेवला तर त्यातून तिला ‘पाणी’ जुळवता येत नाही. तेच मी कागदावर मोठ्या अक्षरात ‘पाणी’ आणि ‘चहा’ लिहून पुढं धरलं, की बरोबर बोट ठेवते. समोर असलेला शब्द ओळखता येतो, आतून काढता येत नाही.

सगळ्यांचं असंच असतं असं नाही. नातवानं मला वाचून दाखवलं, की १८६१ साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी एक रोगी पाहिला, त्याला ‘टां’ एवढंच म्हणता यायचं. तो वारल्यावर त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूचा हा पत्ता लागला. काहींचं मात्र उलटं असतं. ते घडाघडा बोलतात, पण बोलण्याचा अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचं बोलणंही त्यांना नीट समजत नाही. अशांना तर लोक सरळ वेड्यात काढतात. हिचा प्रकार पहिल्याच्या जवळचा. समजतं बरंच, निघतं थोडं.

आणि जे निघतं ते कधी कुठून निघेल सांगता येत नाही. हिचं माहेर जतच्या पलीकडं, सीमेला लागून. लहानपण कानडीत गेलं, संसार मराठीत झाला. झटक्यानंतर पहिला स्पष्ट शब्द आला तो ‘साकु’. पुरे. वाढणारी सून मराठी, ती वाढतच राहिली! मग ‘ब्याड’ आला, म्हणजे नको. मराठी ‘नको’ यायला त्यानंतर बरेच दिवस गेले. दोन भाषा येणाऱ्यांना वाचाघात झाला तर कधी दोन्ही बरोबर परततात, कधी एक आधी आणि दुसरी मागून. याला ठरलेला नियम नाही, असं वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं. आपल्या जिल्ह्यात जत, मिरज, कवठेमहांकाळकडं दोन भाषांची घरं भरपूर आहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच, की आजी काहीतरी असंबद्ध बडबडतात म्हणायच्या आधी माहेरचं माणूस जवळ बसवून ऐका.

आरती म्हटली तर ती शेवटपर्यंत म्हणते. भजनी मंडळात होती, चाली पाठ आहेत. ताट म्हणता येत नाही आणि आरती येते, हे बघून एका नातेवाइकांनी ऐकवलं, “मग नाटक करतात की काय?” त्यांना घरात बसवून समजावून सांगितलं. पाठ असलेलं गाणं, एक-दोन-तीन, सोमवार-मंगळवार, रागातली शिवी हे सगळं मेंदूतून वेगळ्या वाटेनं येतं. ठरवून जुळवायचं वाक्य वेगळ्या वाटेनं. पहिली वाट उघडी असते म्हणून दुसरी उघडी असेल असं नाही. चालीवर वाक्य बसवून बोलायला शिकवायची एक पद्धत अमेरिकेत १९७० च्या दशकात निघाली, ती काहींना उपयोगी पडते. हिनं स्वतःच्या डोक्यानं दुसरीच युक्ती काढली आहे. गुरुवार म्हणायचा असेल तर हळू आवाजात सोमवारपासून निघते आणि गुरुवार आला की तिथं थांबून टेबलावर बोट आपटते. तेवढा वेळ माणसानं गप्प बसावं. मंगळवारलाच “हां, मंगळवारी का?” म्हणून मध्ये तोंड घातलं, की तिला पुन्हा सोमवारपासून यावं लागतं.

तिची समज शाबूत आहे का, असं विचारणाऱ्यांनी तिच्याबरोबर एकदा मंडईत यावं. गवारीची शेंग उचलून डाव्या हाताच्या दोन बोटांत मोडते. कट्कन मोडली तर टोपलीत, वाकली तर परत ढिगात. भाजीवाल्या मावशींनी साठ सांगितले की ती पाच बोटं दाखवते. त्या नाही म्हणाल्या की पिशवी उचलून निघाल्यासारखं करते. हे सगळं एक शब्द न बोलता. त्या मावशी मात्र माझ्याकडं बघत नाहीत. तिच्याशी भांडतात, तिला ओरडतात, तिच्याच हातावर सुटे ठेवतात. मला त्यांचा फार आधार वाटतो.

इतर ठिकाणी तसं होत नाही. ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते हेच. ही समोर खुर्चीवर बसलेली असते आणि लोक मला विचारतात, “जेवतात का? झोप लागते का? माणसं ओळखतात का?” जणू मी दुकानात सामानाचं गाठोडं घेऊन आलोय. एका बँकेत तर हद्द झाली. खातं तिच्या एकटीच्या नावावर, पैसे तिच्या माहेरच्या जमिनीचे. काउंटरवरच्या मुलानं तिच्याकडं न बघता मला सांगितलं, “यांना काही कळत नाही ना, मग खातं तुमच्या नावावर करून घ्या.” कळत नाही हे कुणी ठरवलं? तिनं हातातलं पासबुक छातीशी धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. आम्ही तसेच उठून आलो.

बँकवाल्यांच्या माहितीसाठी लिहितो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व धरलं आहे, त्यात वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व आहे आणि त्याच्या व्याख्येत अफेजियाचं नाव घालून उल्लेख आहे. याच कायद्याच्या तेराव्या कलमात अशा व्यक्तीला आपले पैसे-व्यवहार आपण सांभाळायचा हक्क इतरांइतकाच दिला आहे. सही जमत नसेल तर अंगठा चालतो, अंगठा नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसासुद्धा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, असं रिझर्व्ह बँकेनंच सांगून ठेवलंय. उजव्या हातानं वर्षानुवर्षं केलेली सही डाव्या हातानं जुळणार नाही, हे समजायला डॉक्टर व्हायला लागत नाही. आणि फोनवरून खात्री करतो हे तर या माणसांच्या बाबतीत अजिबात काढू नका. समोरचा चेहरा नाही, हात नाहीत, कागद नाही, नुसता आवाज. त्यात हिला ओटीपीचे सहा आकडे विचारले तर ती एकपासून मोजायला लागणार.

भेटायला येणाऱ्यांचं वेगळंच. येतात प्रेमानं, शहाळं-मोसंबी घेऊन येतात, आणि बसल्याबरोबर परीक्षा घ्यायला सुरुवात. “मला ओळखलं का? सांगा बरं माझं नाव. हे काय आहे? चष्मा म्हणा, च-ष्मा.” पोरासोरांपुढं एका शहाण्यासुरत्या बाईला च-ष्मा म्हणायला लावायचं! तिचा चेहरा पडतो आणि त्यांना वाटतं, नाही हो ओळखत. ओळखते. तुमच्या मुलाच्या लग्नात मानपानावरून काय झालं होतं तेही तिच्या लक्षात आहे, नशीब समजा बोलता येत नाही ते. काहीजण मोठ्यानं बोलतात. ऐकू उत्तम येतं तिला. काहीजण लहान बाळाशी बोलावं तसं लाडे लाडे बोलतात, ते त्याहून वाईट.

मग बोलायचं कसं? वाचा-उपचाराच्या बाईंनी एक गोष्ट सांगितली ती मला सगळ्यांत पटली. शब्द अडला की आधी तिला म्हणायचं, “तुला माहीत आहे हे मला ठाऊक आहे.” कॅनडात टोरांटोच्या अफेजिया इन्स्टिट्यूटनं अशा संभाषणाची पद्धतच बसवली आहे म्हणे. एवढं एक वाक्य म्हटलं तरी तिचे खांदे सैल होतात. मग टीव्ही बंद करायचा, मिक्सर बंद करायचा, समोर बसायचं. आवाज नेहमीचा, वाक्यं छोटी, आणि एका वेळी एकानंच बोलायचं. आमच्या घरात हेच अवघड होतं, आम्ही सगळे एसटी स्टँडवर वाढल्यासारखे एकदम बोलणारे. “आज जेवायला काय करू?” हा प्रश्न तिला डोंगर आहे. “पिठलं का आमटी?” हा सोपा. वाहकाला हे शिकवावं लागत नाही. मागं एकदा आम्ही मिरजेला निघालो होतो, गाडीत वाहक म्हणून नवा पोरगा होता. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, त्यामुळं तिचं वेगळं काढायचं. त्यानं तिलाच विचारलं. ती अडली. तो घाईत असूनसुद्धा वाकला, एक तळहात पुढं करून म्हणाला, “मिरज?” दुसरा पुढं करून, “का कवठेमहांकाळ?” तिनं मिरजेच्या हातावर टिचकी मारली. गर्दीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि त्याचा अर्धा मिनिटही गेला नाही. मी त्याला माझी ओळख सांगितली नाही, नुसतं बघत राहिलो.

हो आणि नाही मध्येही घोळ होतो, ते सांगायला हवं. मान हलते एकीकडं, तोंडातून निघतं दुसरंच. म्हणून उत्तर उलटून विचारायचं: “म्हणजे दूध नको?” महत्त्वाचं असेल, औषधाचं किंवा दुखण्याचं असेल, तर हमखास उलटून विचारा. वाक्य तुम्ही पूर्ण करू का, हे आधी विचारा. विचारल्याशिवाय तिच्या तोंडातला घास काढू नका. आणि कळलं नाही तर कळल्यासारखी मान डोलवू नका. तिला ते ताबडतोब समजतं. “नाही कळलं मला, मागाहून परत बघू” म्हटलेलं चालतं.

बाईंकडं आठवड्यातून एकदा अर्धा तास जातो, बाकी सगळा आठवडा आमचा. या विषयाच्या मोठ्या संस्था आहेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, म्हैसूरला १९६५ पासून वाक्-श्रवण संस्था आहे. पण सकाळचा चहा ती सांगलीत पिते, आणि बोलायची गरज तिथं पडते. सरावाची चित्रं मिळाली त्यात स्ट्रॉबेरी होती, फायरप्लेस होती, टोस्टर होता. हिनं आयुष्यात टोस्टर वापरला नाही. म्हणून मी शंभरपानी वही आणली आणि आपल्याच पेपरातल्या जाहिराती कापून चिकटवल्या. कुकर, साडी, चप्पल, सिलिंडर, गोळ्यांचं पाकीट मिळालं. नातवंडांचे, जावयाचे, विहिणीचे फोटो लावले, प्रत्येकाखाली ठळक अक्षरात नाव. कालनिर्णयचं जुनं पान लावलं, त्यावर ती उपासाचे वार दाखवते. शरीराचं चित्र आहे, कुठं दुखतं ते दाखवायला, आणि शेजारी थोडं-मध्यम-फार अशा तीन तोंडांचं. मिसरीच्या डबीची जाहिरात काही कुठं सापडली नाही, ती मी हातानं काढली. बरी आली नाही, पण सगळ्यांत जास्त बोट तिच्यावरच पडतं. आता वही पिशवीत घेऊनच आम्ही बाहेर पडतो.

एक सल आहे, तीही लिहितो. पूर्वी संक्रांतीत हिचा पाय घरात ठरत नसे, हळदीकुंकवाची बोलावणी इतकी असत. झटक्यानंतर बोलावणी थांबली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. “त्यांना अवघडल्यासारखं होईल, उखाण्याचा आग्रह झाला तर काय करतील,” असं एकीनं आमच्या सुनेला सांगितलं. अवघडल्यासारखं कुणाला होतं ते मला चांगलं कळतं. यंदा बोलावणं नसताना सूनबाई तिला एका घरी घेऊन गेली. हिनं डाव्या हातानं सगळ्यांना कुंकू लावलं, वाण घेतलं, जवळ बसलेल्या बाईचं मंगळसूत्र हातात घेऊन निरखलं आणि भुवया उडवून नवं का म्हणून विचारलं. त्या बाईनं सोनाराच्या नावापासून सगळी हकीकत सांगितली. उखाण्याची आठवण कुणालाच राहिली नाही.

आता आपल्याकडं मागणं. सांगली-मिरजेत दूरदूरच्या जिल्ह्यांतून, कर्नाटकातूनही पेशंट येतात. घरी सोडताना हातात जी फाइल पडते त्यात गोळ्या, पथ्य, फिजिओथेरपी सगळं असतं. बोलणं गेलेल्या माणसाशी घरच्यांनी कसं बोलावं यावर आम्हाला मिळालेल्या फाइलमध्ये एक ओळ नव्हती. डॉक्टर मंडळींनी मनावर घेतलं तर पाठपोट एका कागदाचं काम आहे, मराठीत आणि कानडीत. वाचाघाताचं दिव्यांग प्रमाणपत्र निघू शकतं हेही त्यात घाला. आम्हाला ते फार उशिरा कळलं, कारण लोक पायाकडं बघतात आणि म्हणतात चालतात की.

ते होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आपण रविवारच्या पुरवणीत अर्धं पान द्यावं. जाहिरात नको, मजकूर नको, नुसती कापून ठेवण्याजोगी चित्रं: पाणी, चहा, भाकरी, भात, संडास, अंथरूण, पंखा, चष्मा, गोळ्या, दुखतंय, थंडी वाजते, देऊळ, फोन, पैसे, मिसरी. खाली एकेकच शब्द. अक्षर मोठं ठेवा, आणि चित्राच्या पाठीमागं काळी जाहिरात येणार नाही एवढं बघा, नाहीतर कापून लावल्यावर ती पुढं उमटते.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त एसटी वाहक
गावभाग, सांगली
(नाव छापू नये, घरची नको म्हणते. तिलाच विचारलं.)